डबीत बोलणारी बाई

"मावशी, डबीत बाई बोलते," विशाल दारातूनच म्हणाला.

रतन शिरसाट तेव्हा खाटेवर बसून मेथी निवडत होती. शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले होते. भांडुपच्या टेकडीवरची ती चाळ, आणि चाळीत शेवटून दुसरी खोली तिची. विशालनं कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्यांत बांधलेला पाय हातानं उचलून उंबऱ्याच्या आत घेतला, खांद्यावरची गिटार उतरवली, हातातला छोटा अँप मोरीच्या कठड्यावर टेकवला आणि रुमालात बांधलेली एक डबी तिच्यापुढे ठेवली. तंबाखूवाले खिशात बाळगतात तसली चुन्याची ॲल्युमिनियमची डबी. दोन बोटं रुंद, अंगठ्याएवढी लांब.

"कोण बाई?" रतननं विचारलं.

"रेडिओवरची. काल संध्याकाळी घाटकोपरला कार्यक्रम होता ना आमचा. तिसऱ्या गाण्यात मी बटण दाबलं, आता सूर फाटून निघणार म्हणून सगळे बघतायत, आणि स्पीकरमधून बाई बोलली. 'सांधेदुखीने हैराण आहात का?'" विशाल हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. "अख्खा मंडप हसला गं. माझ्या पायाकडे बघून हसला."

रतनच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"आज पाच वाजता मुलुंडला गायनाच्या स्पर्धेची फायनल आहे," विशाल म्हणाला. "साडेतीनला साउंड चेक. सुबोधनं मिहिरला सांगून ठेवलंय, तू तुझी गिटार घेऊन ये. डबी परत बोलली तर मिहिर वाजवणार. आज वाजवणार म्हणजे पुढेही तोच वाजवणार. मला माहितीये ना."

सुबोध हा त्यांच्या गायन पार्टीचा प्रमुख. पार्टी बाबासाहेबांची गाणी गायची, ढोलकी आणि हार्मोनियमसोबत इलेक्ट्रिक गिटार घेऊन, आणि गेल्या दोन वर्षांत तिचं नाव भांडुपपासून बोरिवलीपर्यंत झालं होतं. त्यात निम्मा वाटा विशालच्या गिटारचा होता असं लोक म्हणत. सुबोध तसं कधी म्हणाला नव्हता.

"अँपचा दोष असेल," रतन म्हणाली.

"दोन अँप बदलले, मावशी."

तिनं हातातली काडी ताटात टाकली. अँपचा दोष नाही हे तिला बोलतानाच ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी ही डबी बंद करताना तिच्या मनात काहीतरी खुपलं होतं. काहीतरी राहिलंय. पण काय राहिलंय ते बघायचं म्हणजे बघता यायला हवं, आणि तिथंच सगळं अडलं होतं. म्हणून तिनं झाकण दाबून बसवलं, त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि डबी विशालच्या हातात ठेवली होती.

रतनचं वय छप्पन. तिचं माहेर आणि सासर दोन्ही बुलढाण्याकडचं. लग्न होऊन भांडुपला आली आणि वर्षाच्या आत अंधेरीला सीप्झच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागली. कानात बसवायची ऐकण्याची यंत्रं बनवणारी कंपनी होती ती. शेंगदाण्याएवढ्या खोक्यात अख्खं सर्किट बसवायचं, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून, केसाएवढ्या तारा चिमट्यात धरून. तिनं ते पंचवीस वर्षं केलं. नवरा गेला, मुलगी दीप्ती लग्न होऊन मालाडला गेली, शेवटी कंपनीही बंद पडली. मग रतन घरी बसून शेजारपाजारचे मिक्सर, चार्जर दुरुस्त करू लागली.

विशाल त्याच गल्लीतला. लहानपणी पोलिओ झालेला. एके दिवशी तो एक पेडल घेऊन आला, गिटारवाले पायानं दाबतात ते. विटेएवढं जड. ते बिघडलं होतं आणि त्याच्या कपाळावर खोक होती. झालं होतं असं की स्टेजवर ते पेडल दाबायला त्यानं चांगला पाय उचलला, सगळा भार कॅलिपरवर आला आणि तो गिटारसकट पालथा पडला.

रतननं ती वीट उघडली. आत पाहिलं तर बोटाच्या पेराएवढंच सर्किट आणि बाकी सगळी मोकळी हवा.

"एवढ्यासाठी एवढं खोकं?" ती म्हणाली होती. "आणि पायानंच का दाबायचं रे हे? देवानं हात कशाला दिलेत?"

त्या आठवड्यात तिनं पहिली डबी बनवली. सर्किट तीन मजल्यांचं केलं, एकावर एक, घड्याळाचा सेल तळाला. डबी गिटारच्या अंगावरच तारांच्या खाली चिकटवायची आणि वाजवता वाजवता तळहाताच्या कडेनं दाबायची. दाबली की सूर भरदार, खरखरीत, फाटलेला निघायचा. विशालनं पहिल्यांदा दाबली तेव्हा चाळीतली कुत्री भुंकायला लागली होती. मग गिटारवाली पोरं अंधेरी-बोरिवलीहून विचारत यायला लागली. त्यांच्यासाठी ती हिंगाच्या, बामच्या, काजळाच्या डब्यांत पेडलं बनवायची, ती मात्र पायानं दाबायची असत. हातानं दाबायची डबी फक्त विशालची. ही नवी तर सगळ्यांत लहान. जुनी डबी मोडून तिचेच भाग तिनं हिच्यात घातले होते, त्यामुळे दुसरी हाताशी नव्हती.

"लाव अँप," रतन म्हणाली.

विशालनं वायर जोडली, डबी दाबली. आणि खरंच, एक बाई हिंदीत अगदी गोड आवाजात वाहतुकीची खबर देऊ लागली.

रतननं खिडकीखालच्या टेबलावर डबी उघडली. डोळ्याला भिंग लावलं. उजवा डोळा तर गेली कित्येक वर्षं धुरकट होता. काम डाव्यावर चालायचं. दिवाळीपासून डाव्यातही धूर उतरायला लागला होता. दिव्याभोवती कडं दिसायचं. दीप्ती फोनवर विचारायची, "आई, डोळे दाखवलेस का?" आणि रतन म्हणायची, "दाखवले गं, काही नाही म्हणाला."

भिंगातून तिला एक चंदेरी गिचमीड दिसली. सांधे वेगळे दिसतच नव्हते.

"काडेपेटी दे," ती म्हणाली.

अँप चालूच होता, बाई बोलतच होती. रतननं डोळे मिटले आणि काडीच्या टोकानं एकेक सांधा हलकेच दाबायला सुरुवात केली. कंपनीत हे कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच शोधून काढलं होतं. वरचा मजला, काही नाही. मधला मजला, काही नाही. खालच्या मजल्यावर, गिटारची तार आत येते तिथं काडी टेकली आणि बाई बोलता बोलता तुटली. काडी उचलली, बाई परत हजर.

"सापडलं!" विशाल ओरडला.

सापडलं होतं. एवढ्या जोराच्या सर्किटमध्ये बाहेरच्या रेडिओच्या लाटा घुसतात. त्या अडवायला तोंडाशीच मसुराच्या डाळीएवढा एक कपॅसिटर लावतात. रतननं तो लावला होता, पण त्याचा एक पाय सांध्यावर न बसता हवेत राहिला होता. शिकाऊ पोरीकडून व्हावी अशी चूक.

"मध्ये फोम कोंबू या का? दाबून राहील," विशाल म्हणाला.

"तू वरून थापा मारणार. पहिल्या थापेला निसटेल."

तिनं सोल्डरिंग आयर्न तापवलं. बारा वाजून गेले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि उन्हात तर तिला आणखीच कमी दिसायचं, सगळं पांढरं व्हायचं. तिनं श्वास धरला आणि आयर्नचं टोक खाली नेलं.

जळक्या प्लास्टिकचा वास आला.

"मावशी, तिकडे नाही! डावीकडे, डावीकडे—" विशालनं तिचं मनगट धरलं. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "मावशी, तुला दिसत नाही?"

रतननं आयर्न स्टँडवर ठेवायला हात नेला आणि ते स्टँडच्या शेजारी ठेवलं. टेबलाचा सनमायका फसफसला. विशालनंच ते उचलून नीट ठेवलं.

"कधीपासून?"

"तुझी डबी बनवायच्या आधीपासून," ती म्हणाली.

विशालनं आयर्नचं बटण बंद केलं. तो रागावला असता तर रतनला बरं वाटलं असतं. तो नुसता घड्याळ बघत होता. आता मधल्या मजल्याची एक तारही जळली होती, म्हणजे आधी एक सांधा होता त्याचे दोन झाले होते.

"स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्याकडे जाऊ," तो शेवटी म्हणाला. "चल."

रिक्षानं ते खाली गेले. मोबाइलवाला पोरगा हुशार होता. त्यानं डबी दिव्याखाली धरली, वरून पाहिली, बाजूनं पाहिली आणि हात न लावता परत दिली. "आंटी, ये सर्किट नहीं, खिचडी है. मैं छुएगा तो पूरा जाएगा. जिसने बनाया ना, उसी के पास जाओ."

"उसी के पास से आया," विशाल म्हणाला.

एक वाजला होता. रस्त्याच्या कडेला दोघं उभे राहिले. विशालनं खिशातून फोन काढला, सुबोधचा नंबर काढला आणि अंगठा त्यावर तसाच ठेवला. रतनला फोनचा पडदा दिसत नव्हता, पण तो काय करतोय ते कळत होतं.

मुंबईत हे काम करू शकणारी आणखी एक बाई तिला माहीत होती. ती तिथून पंधरा मिनिटांवर, नाहूरला राहत होती. हे नाव रतनच्या मनात काडी टेकवतानाच आलं होतं, आणि तिनं ते बाजूला सारलं होतं. मोबाइलवाल्याकडे यायला ती चटकन तयार झाली ती त्यामुळेच.

"थांब. फोन नको करू," ती म्हणाली. "नाहूरला जाऊ."

शांताबाई वानखडे आणि रतन कंपनीत एका बाकावर बसायच्या. बावीस वर्षं शेजारी शेजारी. शांताबाई तीन वर्षांनी मोठी, हात तर रतनपेक्षाही हलका. दर जानेवारीत कंपनीत डोळे तपासायला डॉक्टर यायचा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावायचा, एकेक डोळा झाकून शेवटून दुसरी ओळ वाचायची. वाचता आली नाही तर लाइनवरून काढून पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे आठ तास उभं राहून खोकी चिकटवायची.

त्रेचाळिसाव्या वर्षी रतनला साखर निघाली आणि मग उजव्या डोळ्यात धूर दिसायला लागला. त्या जानेवारीत तिनं काय केलं, तर रांगेत पुढे उभ्या असलेल्या बायका वाचत होत्या ती ओळ कान देऊन ऐकली आणि पाठ करून टाकली. डॉक्टर दरवर्षी तोच तक्ता आणायचा. पुढे चार वर्षं ती उजव्या डोळ्यानं काहीही न बघता ती ओळ घडाघडा म्हणायची.

शेवटच्या वर्षी शांताबाई रांगेत तिच्या बरीच मागे होती, वाचणाऱ्यांचा आवाज तिथवर पोचत नव्हता. तिचेही डोळे उतरले होते. रतनची तपासणी होऊन ती परत फिरली तेव्हा शांताबाईनं तिचा पदर धरला आणि हळूच विचारलं, "रतन, ओळ काय गं?"

रतनला वाटलं, दोघींनी एकसारखं घडाघडा म्हटलं तर डॉक्टरला संशय येईल. तक्ता बदलेल. मग आपलीही गत तीच. "मला कुठं पाठ आहे?" ती म्हणाली. "मी बघून वाचली. तुम्हीही वाचा." आणि पदर सोडवून घेतला.

शांताबाई पॅकिंगला गेली. वर्षभर उभी राहिली, गुडघे गेले, मग काम सोडलं. तिच्या निरोपाच्या दिवशी रतननं सुट्टी घेतली होती.

त्यानंतर विहारात, लग्नांत दुरून भेट व्हायची. गेल्या बुद्धपौर्णिमेला शांताबाई चष्म्याशिवाय एक पत्रिका वाचत होती. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आता सुईत दोरा ओवते, असं कुणीतरी सांगितलं होतं. ते ऐकून रतन लवकर घरी निघून आली होती.

हे सगळं तिनं रिक्षात विशालला सांगितलं नाही. "माझी जुनी मैत्रीण आहे," एवढंच सांगितलं.

शांताबाई मुलाकडे राहायची, इमारतीत चौथ्या मजल्यावर. दार तिनंच उघडलं. जेवण नुकतं झालं असावं, हात ओला होता.

"रतन? तू?" मग तिनं विशालकडे, त्याच्या पायाकडे, गिटारकडे पाहिलं. "हा कोण?"

"आमच्या गल्लीतला विशाल. शांताबाई, एक काम होतं."

आत बसल्यावर रतननं रुमाल सोडला. विशालनं काय झालंय ते सांगितलं, घाटकोपरचं, सांधेदुखीचं, मिहिरचं. शांताबाईनं डबी उचलून डोळ्यांजवळ नेली. दोन क्षणांत तिनं दोन्ही जागा ओळखल्या. "हा पाय वर आहे. ही तार जळालीये. एवढंच ना?"

"एवढंच."

"मग माझ्याकडे कशाला आणलीस? तुझे डोळे तर एक नंबर. डॉक्टर म्हणायचा, शिरसाटबाईंसारखं कोणी वाचत नाही."

टोमणा नव्हता तो. शांताबाई खरंच तसं समजत होती. ते रतनच्या लक्षात आलं. डोळे आता बिघडलेत, असं सांगून सुटता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. विशाल घड्याळ बघत होता; पावणेदोन झाले होते.

"मी वाचत नव्हते," रतन म्हणाली. "मला ती ओळ पाठ होती. चार वर्षं. तुम्ही विचारलंत तेव्हाही पाठ होती."

शांताबाईनं डबी टीपॉयवर ठेवली.

"काय म्हणालीस?"

"पाठ होती. सांगितली नाही. मला वाटलं, दोघी पकडल्या जाऊ."

पंखा फिरत होता. खाली कुठेतरी गॅसवाला सिलिंडर आपटत होता. विशालनं मान खाली घातली. शांताबाई उठली, एक हात गुडघ्यावर दाबून, दुसरा भिंतीला लावून, आणि आत स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज यायला लागला. ती भांडी घासत होती. एक पातेलं घासलं, विसळलं, पालथं घातलं. मग दुसरं.

"मावशी, जाऊ या का?" विशालनं हळू विचारलं.

"बस."

दोन वाजले. दोन वाजून दहा मिनिटं झाली. रतन उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. माफ करा म्हणायचं, तर गरजेला आलीये म्हणून म्हणतेय असं दिसणार. आणि तसंच होतं ते. गरज नसती तर ती आली नसती.

सव्वादोनला शांताबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात सोल्डरिंग आयर्न, तारेचं रीळ आणि कंपनीतला तिचा चिमटा, टोकाला कापूस गुंडाळलेला.

"या पोरानं माझं काही वाकडं केलं नाही," ती विशालला सांगितल्यासारखं म्हणाली. "म्हणून करते. बाकीचं तिचं ती बघेल."

ती खिडकीशी बसली. आठ-नऊ वर्षांत तिनं आयर्न हातात धरलं नव्हतं. आधी एका टाकाऊ तारेवर डाग दिला; गोळा झाला. "शी!" तिनं तो झटकला. दुसरा दिला. तिसरा. तिसरा बरा बसला असावा, कारण ती काही बोलली नाही. मग डबी ओढून घेतली.

रतनला तिथून फक्त एक पाठ आणि उजेड दिसत होता. ती ऐकत होती. कंपनीत सगळ्या जणी दोन श्वासांच्या मध्ये सांधा मारायच्या. श्वास चालू असला की हात हलतो. शांताबाईचा श्वास थांबला. फस्स झालं. श्वास सुटला. एक सांधा झाला. मग पुन्हा श्वास थांबला आणि थांबलेलाच राहिला. फस्स झालं नाही. चिमटा टेबलावर पडल्याचा आवाज आला.

"गेलं का काही?" रतनच्या तोंडून निघून गेलं.

"गप्प बस तू."

हात झटकून, बोटं चोळून शांताबाईनं पुन्हा चिमटा घेतला. श्वास थांबला. रतननंही आपला धरला. विशाल तर कधीचा धरूनच होता.

फस्स.

"घे," शांताबाई म्हणाली. "लागलाय की नाही ते वाजवल्यावर कळेल."

पण वाजवायचं कशावर? अँप भांडुपला मोरीच्या कठड्यावर राहिला होता. तो आणायला वेळ नव्हता. अडीच वाजून गेले होते, विशालनं डबीवर झाकण बसवलं आणि गिटारवर चिकटवली.

"आजी, तुम्ही पण चला ना मुलुंडला," तो निघताना म्हणाला.

"माझे गुडघे नाहीत चालत, बाळा," शांताबाई म्हणाली. रतनकडे न बघता तिनं दार लावून घेतलं.

मुलुंडच्या नाट्यगृहात सुबोध विंगेत उभा होता. शेजारी खुर्चीवर मिहिर, मांडीवर गिटार, तारा जुळवून तयार. तो वाईट पोरगा नव्हता. विशालला बघून त्यानं मान हलवली आणि नजर फिरवली.

"काय, झालं दुरुस्त?" सुबोधनं विचारलं.

"झालं," विशाल म्हणाला.

"नक्की?"

विशालनं रतनकडे पाहिलं. तिलाही माहीत नव्हतं.

साउंड चेकला त्यांच्या वाट्याला चार मिनिटं आली. ढोलकी, माईक, हार्मोनियम यांतच साडेतीन गेली. विशालनं एकदा डबी दाबली, एक सूर निघाला, स्वच्छ फाटलेला, आणि लगेच पुढच्या पार्टीनं स्टेज मागितलं. एका सुरानं काय कळणार? बाई काही सतत बोलत नव्हती. घाटकोपरलाही पहिली दोन गाणी ती गप्पच होती.

पाचला पडदा वर गेला. त्यांचा नंबर चौथा. रतनला पुढून तिसऱ्या रांगेत जागा मिळाली, पण तिला स्टेजवर रंगांचे ठिपकेच दिसत होते. मधला निळा उंच ठिपका म्हणजे विशाल असावा. पहिलं गाणं झालं. त्यात डबीचं काम नव्हतं. दुसऱ्यात विशालनं ती एकदा दाबली आणि लगेच सोडली. रतनला कळलं, तो घाबरलाय. सूर निघायच्या आधीच सोडतोय.

तिसरं गाणं तेच, कालचं. ढोलकी चढत गेली, सुबोधचा आवाज वर गेला, मग सगळं एकदम थांबलं. इथं गिटार एकटी वाजायची होती. त्या शांततेत स्पीकरमधून एक घूंऽऽ असा आवाज उठला.

सुबोधनं विंगेत बसलेल्या मिहिरकडे पाहिलं असणार, कारण तिथं खुर्ची सरकल्याचं रतनला ऐकू आलं. तिनं डोळे मिटले आणि तो आवाज नीट ऐकला. डबीचा नव्हता. डबीचा आवाज पातळ असायचा, हा जाड, विजेचा. कुठल्या तरी माईकच्या वायरचा. पण स्टेजवरच्यांना ते कसं कळणार? विशाल आता दाबेल का? नाही दाबली तर गाणं तिथंच बसणार होतं.

विशालनं हात डबीवर आपटला.

सूर असा फाटून बाहेर आला की रतनच्या शेजारची बाई दचकली. विशालनं सोडला नाही. ओढत नेला, वर नेला, खाली आणला, तळहातानं डबीवर थापा मारत राहिला, एक, दोन, पाच, दहा. त्या माईकच्या घुंऽऽला त्यानं पार गिळून टाकलं. कुणीही बोललं नाही, ना बाई ना बुवा. ढोलकी परत उचलली तेव्हा मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.

रतनचे हात अजून खुर्चीच्या कडा धरून होते. टाळ्या वाजवायला तिला जरा वेळ लागला.

स्पर्धेत त्यांचा दुसरा नंबर आला. सुबोध विशालला काहीच म्हणाला नाही. मिहिरला तेवढं म्हणाला, "बांध तुझी गिटार." विशाल सांगतो की सुबोधच्या तोंडी ते कौतुकच होतं.

बाहेर पायऱ्यांवर रतननं विशालकडून फोन लावून घेतला. "दीप्ती, मी डोळे दाखवले नव्हते," ती म्हणाली. पलीकडून दीप्ती जे बोलत सुटली ते विशाललाही ऐकू येत होतं. रतननं सगळं ऐकून घेतलं.

जूनमध्ये तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, सप्टेंबरमध्ये उजव्याचं. उजवा पूर्वीसारखा झाला नाही. फार उशीर केलात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण डाव्यानं दिसतं, बारीक तारही दिसते.

ऑपरेशनच्या आधी ती एकटी नाहूरला गेली होती. आता कुठलंच काम नव्हतं. शांताबाईनं दार उघडलं, तिला बसवलं आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं. पॅकिंगच्या वर्षाबद्दल, पायांना सूज यायची त्याबद्दल, निरोपाच्या दिवशी बाक रिकामा होता त्याबद्दल. रतननं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मग शांताबाई म्हणाली, "ते सर्किट तीन मजल्यांचं का केलंस? दोन मजल्यांत बसतं."

मंगळवारी आणि शुक्रवारी शांताबाई आता भांडुपला येते. मुलगा रिक्षात बसवून देतो. खिडकीजवळची खुर्ची तिची. चहा घेत नाही, पाण्याची बाटली घरून आणते. रतन आग्रह करत नाही. डब्या दोघी मिळून बनवतात, आता त्या आणखी लहान होत चालल्यात. विशालची नवी डबी दोन मजल्यांची आहे.

परवा शांताबाईनं एक डबी उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा गोळा कुणी मारला?"

"मी," रतन म्हणाली.

"काढ तो. परत मार."

रतननं आयर्न तापत ठेवलं.